दारातलं गवत

कृष्णातने नर्सरीतून गवत विकत आणलं, तेव्हा तानीबाईला आधी हसूच फुटलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ठोंब त्याने स्कूटरवरून असे अलगद उतरवले, की आत गवत असेल अशी शंकाही कुणाला येऊ नये.

"इकत आणलंस? गवत?" ती म्हणाली. "आरं, जलमभर लोकांच्या रानातलं गवत उपसून माझी बोटं वाकली. आन तू तेच पैसं दिऊन दारात आणतोस व्हय?"

"आई, हे शोभेचं हाय."

"गवताला कसली आलीया शोभा! म्हशीला इचार."

कृष्णात तिचा एकुलता एक. टेलिफोन खात्यात नोकरी, ऑफिसात कन्नड, साहेबापुढे इंग्रजी आणि घरात पाऊल टाकलं की निपाणीकडची बोली. बेळगावच्या नव्या वसाहतीत त्याने घर बांधलं आणि पुढे बागेपुरती जागा सोडली. सोडली ती सोडली, वर त्या जागेचा ध्यासच घेतला. गेल्या थंडीत तो रोज संध्याकाळी लोकांच्या कंपाउंडवरून आत डोकावत हिंडायचा. एका घरच्या बाई तर त्याला नळाचं मीटर वाचणारा समजून आत बोलावून बसल्या होत्या.

त्याचं म्हणणं साधं होतं. श्रावण-भाद्रपदात कुणाच्याही दारात बाग होते, त्यात माणसाची करामत काय? दिवाळी सरली की झेंडू काळे पडतात, तेरडा तर कधीच मेलेला असतो, आणि वसाहतभर नुसत्या काटक्या उरतात. आपल्या बागेला रंग चढायचा तो तेव्हाच. म्हणून त्याने एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटणारी झाडंच निवडली. पिवळी शेवंती, विटकरी शेवंती, कडेला अबोली, आणि सगळ्यांत मानाचं हे तुऱ्याचं गवत. गवत वाळलं तरी त्याचा तुरा झडत नाही, वाऱ्यावर हलत राहतो, आणि तिरप्या उन्हात असा काही उजळतो की फुलांनी मान खाली घालावी. तेव्हा वाळलं म्हणून कुणी कापायचं नाही, असा हुकूमही त्याने सोडला.

शेवंती तानीबाईला पटली. सहा डिसेंबरला बाबासाहेबांच्या फोटोपुढं वाहायला घरची फुलं होतील, म्हणाली. पण कृष्णातने गवताचे ठोंब दाराच्या दोन्ही अंगांना, पायरीला लागून लावले, आणि तिथे तिचं हसू मावळलं.

दारात गवत उगवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात दिवा लावायला माणूस उरलं नाही, त्याच्या दारात गवत. तानीबाईला तर हे शब्द तोंडावर ऐकवले गेले होते. कृष्णात तेव्हा रांगत होता. वस्तीतल्या सगळ्यांनी धम्म घेतला, आणि तिचा नवरा देवाप्पा मालुबाईच्या गोठ्यातला मेलेला बैल ओढायला 'येत न्हाय' म्हणून घरी बसला. मालुबाई मोठ्या शेतकऱ्याची बायको, तिच्या तोंडाला लगाम नव्हता. वस्तीच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "माजलासा व्हय रं? दारात गवत उगवंल तुमच्या, गवत!"

देवाप्पा हसला होता. तानीबाई नाही. त्या दिवसापासून तिने दारात हिरवी काडी ठरू दिली नाही. देवाप्पा गेला, ती मुलाकडे बेळगावला आली, गावचं घर कुलपात पडलं. तरी दरसाल दसरा झाला की ती एसटीने गावी जायची आणि खुरपं घेऊन अंगण साफ करून यायची. बंद घराचं अंगण तळहातासारखं लख्ख. सुनेला वाटायचं, सासूबाईंना गावाची ओढ. ओढ कसली, धाक होता तो. या वर्षी मात्र गुडघ्याने दगा दिला. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि तिला जाता आलं नाही. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे तेच एक. गावच्या दारात गवत उभं असेल, आणि मालुबाई ते बघत असेल.

इकडे बेळगावच्या दारात गवताने जीव धरला, तांबूस तुरे टाकले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. तानीबाई मागच्या दाराने ये-जा करायला लागली.

एका दुपारी घरात कुणी नसताना तिने बसकण मारली आणि पायरीजवळचं सगळं गवत मुळासकट उपसलं. हाताला सवयच होती, वेळ लागला नाही. उपसून उन्हात फेकलं, हात धुतले, तेव्हा कुठे तिला सुटल्यासारखं झालं.

संध्याकाळी कृष्णात फाटकातच थबकला. "कुणाची म्हस शिरलीती?"

"माझं हात शिरलंतं," तानीबाई म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. बैल, मालुबाई, ते शब्द.

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. निदान शिकल्यासवरल्या माणसांसारखा अंधश्रद्धेवर भाषण तरी देईल. तो पायरीवर तिच्याशेजारी बसला. उन्हात कोमेजलेला एक ठोंब हातात घेऊन त्याने एवढंच विचारलं, "मग गावच्या दारातलं औंदा कुणी काढलं?"

"तेच तर रं," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

रविवारी तो तिला घेऊन निघाला. संकेश्वरच्या पुढे उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, बस मुंगीच्या पावलाने चाललेली. तानीबाईने खुरपं पिशवीत घालून मांडीवर धरलं होतं.

वस्तीतलं शेवटचं घर त्यांचं. त्यापलीकडे गाडीवाट आणि वाटेला लागून मालुबाईचा मळा. अंगणापाशी आल्यावर तानीबाई जागीच थांबली. अंगण दिसतच नव्हतं. कमरेइतकं गवत वाढून वाळलं होतं, उंबऱ्यापर्यंत, कुलपापर्यंत. जे होऊ नये म्हणून एवढी वर्षं राबली, ते झालं होतं. ती तशीच खाली बसली, पदर खोचला आणि खुरपं चालवायला लागली. कुसळं लुगड्यात घुसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कृष्णात मात्र उभाच होता.

"कोण हाय? कापू नगासा ते!"

गाडीवाटेवरून काठी टेकत एक म्हातारी येत होती. मालुबाई. दोन्ही पोरं पुण्याला, गावातलं घर थोरल्याने विकलेलं, आणि ही मळ्यातल्या खोलीत एकटी. जवळ आल्यावर तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"तानाक्का व्हय?"

जन्मात पहिल्यांदाच तिने तानीला आक्का म्हटलं. तानीबाईला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी ती पेटली होती. "कापू नगं? व्हय, तुमास्नी बघायचं असंल न्हवं! घ्या बघून. उगवलं दारात गवत. तुमीच म्हनलातासा."

"मी? कवा?"

"बैल वडला न्हाय तवा. हितंच हुबी ऱ्हाऊन. दारात गवत उगवंल म्हनून."

मालुबाई विचारात पडली. तिने खरोखर आठवून पाहिलं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "बैल मेलता खरं," ती शेवटी म्हणाली. "असं म्हनलो असंन मी? काय की, बाई. मला आठवत न्हाय."

आठवत नाही! तानीबाईचं खुरपं हातातच राहिलं. वर्षामागून वर्षं वस्तीकडे येणारी एसटी, दुखणारे गुडघे, मागच्या दाराने काढलेले दिवस, सगळं ज्या शब्दांपायी, ते बोलणारीला त्यांचा पत्ताही नव्हता. बोलणारी बोलून जाते, वाहतो तो ऐकणारा. तिला इतका संताप आला की मालुबाईने उलट ते शब्द पुन्हा म्हटले असते तर बरं, असं वाटून गेलं.

"मग कापू का नगं?" तिने विचारलं.

"पाखरं येत्यात गं," मालुबाई म्हणाली. "दाणं खायला. बारकी बारकी, तांबड्या चोचीची. दुपारभर बघत बसतो. माझ्या दाराला दुसरं कोण येतंय? म्हशीवाले आलते कापायला, मी हाकललो."

तानीबाईने वळून पाहिलं तर कृष्णात गवतात उकिडवा बसलेला. उन्हं तिरपी झाली होती आणि त्याच्या डोक्याच्या वर अंगणभर तुरे उजळले होते, तांबूस, सोनेरी, दारावरच्या गंजक्या कुलपालाही त्यांचा रंग लागलेला. नर्सरीतलं गवत त्यापुढे फिकं होतं. शापाचं म्हणून जे एवढी वर्षं उपसलं, ते वाढल्यावर कसं दिसतं, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

तिने खुरपं मुलापुढे धरलं.

"तो कडंचा ठोंब काढ. मुळं तुटू दिऊ नगंस."

"आन बाकीचं?"

"ऱ्हाऊ दे." मग ती मालुबाईकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "तुमच्यासाठनं न्हाय ह्यं. पाखरांसाठनं."

मालुबाईने मान हलवली. तिला तेवढं पुरत होतं.

ओल्या पोत्यात गुंडाळलेला ठोंब परतीच्या बसमध्ये तानीबाईच्या मांडीवर होता. बेळगावात तो पायरीच्या उजव्या अंगाला तिनेच लावला, पाणीही तिनेच घातलं. पुढच्या मार्गशीर्षात वसाहतीतल्या बागा नेहमीप्रमाणे काटक्यांवर आल्या आणि तानीबाईच्या दारात शेवंतीशेजारी तांबूस तुरे डुलायला लागले. नळाच्या मीटरवाल्या बाई फाटकाशी थांबल्या.

"काय सुंदर आहे हो! कुठल्या नर्सरीतलं?"

"नर्सरीतलं न्हवं," तानीबाई पुढच्या दारात बसून शेंगा सोलत म्हणाली. "आमच्या दारातलं हाय."