कोरडा दोर

“कायद्यापुढे राव आणि रंक सारखेच,” असं म्हणून महाडच्या वकिलांनी टेबलावर मूठ आपटली, हिंदकळलेली दौत सावरली आणि आवाज उतरवून पुढे सांगितलं, “आमदार सभागृहात बोलत असतील तेवढा वेळ सोडून.”

रखमाने मांडीवरचं अंबाडीच्या दोराचं वेटोळं घट्ट धरलं. लग्न होऊन पोलादपूरकडे आली त्या वर्षी तिने तो वळला होता. गावाची विहीर एकच. तिच्या रहाटाला रखमाच्या वाडीने हात लावायचा नाही. कुणी येऊन वरून ओतील तेवढं घ्यायचं. अस्पृश्यता गुन्हा ठरल्यावर तिने मामलेदाराकडे तक्रार केली, तर आमदार महिपतरावांनी मुंबईत विधानसभेत सांगून टाकलं की विहीर सर्वांना खुली आहे आणि ही बाई खोटारडी आहे.

“मी खोटी, तर हा दोर बगा,” रखमा म्हणाली. “ह्याला अजून पाणी लागलेलं नाय.”

पुरावा वकिलांना पटला. पण सभागृहातल्या शब्दावर कुठल्याच कोर्टात दावा लागत नाही. तोच शब्द आमदार बाहेर बोलले, तर मात्र धरता येतील. आणि आमदारांना बाहेर बोलतं करायला सत्कारासारखा उपाय नाही.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने, गोमाजीने, विचारलं की दावा जिंकलो तर कोर्टाकडे काय मागायचं. रखमाने दोराचं वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“पोहरा पाण्यावर टेकला की आवाज लांबनं ऐकू येतो,” ती म्हणाली. “पर दोरातनं हाताला कसं कळत आसंल, वो?”

सत्कार म्हटल्यावर गाव लगेच तयार झाला. आमदार त्याच्याही आधी. उंच जागा म्हणून विहिरीचा चौथरा ठरला. हार घालून महिपतराव रहाटाला टेकून उभे राहिले. मागे वकिलांनी टाक शाईत बुडवला.

“ही विहीर सर्वांना खुली आहे. विधानसभेत बोललो, इथेही बोलतो.”

गावाने टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते ध्यानात आल्यावर हात जागच्या जागी थांबले.

रखमा उठली. गोमाजीने तिचा पदर ओढला. दाव्याला हवा असलेला ‘खोटारडी’ हा शब्द अजून यायचा होता. वकीलही मागून बस, बस अशी खूण करत होते. ती दोर खांद्यावर टाकून, पोहरा हातात घेऊन चौथऱ्याची पायरी चढली.

“सायेब,” ती हळूच म्हणाली, “जरा सरका. पोहरा सोडायचा हाय.”