शेवटच्या खाटेवरचे आजोबा

सकाळचे ऊन वॉर्डात नेहमीच संकोचून येई. आधी ते खिडकीच्या गजांवर रेंगाळे, मग नुकत्याच पुसलेल्या फरशीच्या ओलाव्यात स्वतःला निरखत पुढे सरके. खाटांच्या पायांना, घडी घातलेल्या कांबळ्यांना, शेवटच्या खाटेपाशी सलाइनच्या स्टँडला आणि त्यावर लोंबणाऱ्या घंटीच्या वायरला हलकेच स्पर्शून भिंतीवर चढे. परिचारकाच्या नोकरीवर आलेला नवा ब्रदर आज त्या उन्हाकडेच पाहत होता. माणसांकडे पाहणे त्याला जमत नव्हते.

तासाभरापूर्वी शेवटच्या खाटेवरचे आजोबा पडले होते. शस्त्रक्रिया झालेले खुब्याचे हाड शाबूत होते. कपाळाला मात्र खोक पडली होती.

"आजोबा, पडलात कसे?" इन्चार्ज सिस्टरांनी विचारले.

खाटेच्या पायथ्याशी आजोबांचा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. कालच त्याने बजावले होते, "एकटे उठलात तर घर विसरा. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

आजोबा ब्रदरकडे बोट करून, चादरीकडे पाहत म्हणाले, "ह्यानं उठवलं मला. आणि मधेच हात सोडला."

ह्याच माणसाला ब्रदरने पाऊल-पाऊल करून चालवले होते. "नातवा, तू माझ्या बायकोपेक्षा जास्त ओरडतोस," असे म्हणून आजोबा त्याच्याच खांद्यावर रेलून हसत. आणि आज त्यांनी केसाने गळा कापला होता.

सिस्टरांनी त्याला बाहेर व्हरांड्यात नेले. "खरं सांग. सोडलास हात?"

"नाही ताई. मी पलीकडे ड्रेसिंग करत होतो. आवाज आला तसा धावलो."

"मग ते असं का म्हणतात?"

"त्यांना घरी जायचंय."

"आणि तुला इथं नोकरीत कायम व्हायचंय. सांग की त्यांच्या मुलाला, ते एकटेच उठले म्हणून."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"एक कळत नाही," त्या म्हणाल्या, "उशी सरकली तरी घंटी वाजवणारा माणूस. आजच का नाही वाजवली?"

"विसरले असतील."

तो परत खाटेपाशी आला. मुलगा औषधे आणायला गेला होता.

"नातवा, रागावलास?" आजोबांनी हळूच विचारले.

त्याने उशी नीट केली, कांबळे ओढले. ऊन आता स्टँडच्या टोकाशी पोहोचले होते. घंटीची वायर तिथेच लोंबत होती, खाटेवर पडलेल्या माणसाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर.

सकाळी चादर बदलताना ती त्यानेच तिथे अडकवली होती.