बोट लागल्याशिवाय

संपदाने सासूबाईंच्या फोनवर आपण बनवलेलं वेबपान पुन्हा उघडलं. लिहायची चौकट दिसत होती, पण कीबोर्डचा पत्ता नव्हता. लॅपटॉपवर हेच पान उघडताक्षणी लिहायला तयार असायचं.

"आई, या फोनला बोट लागल्याशिवाय कीबोर्ड उघडायचाच नसतो. कमाल आहे ना!"

अनसूयाबाईंनी नुसती मान हलवली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. एकेकाळी भाव करण्यात हाटकेशच्या बाजारात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. आता भाजीवाल्याने बेल वाजवली तरी त्या आत निघून जात. म्हणून संपदाने हे पान बनवलं होतं. चौकटीत लिहायचं, बटण दाबलं की फोन मोठ्याने बोलणार. पण दर वाक्यानंतर कीबोर्ड मिटायचा, आणि तो पुन्हा उघडेपर्यंत समोरचा माणूस जिना उतरलेला असायचा.

हे असं का होतं, या विचाराने संपदाची झोप उडाली. शेवटी युक्ती सापडली. बटणाला बोट लागलं, की त्याच स्पर्शात कर्सर परत चौकटीत. आता कीबोर्ड मिटेचना. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

रविवारी तारोडी गावची कमळाबाई मासळीची पाटी घेऊन आली. संपदाने सासूबाईंना जवळजवळ ओढतच दारात आणलं.

"बांगडे कसे दिले?" फोन बोलला.

कमळाबाई दचकली. "ही कोन बोलते गं?"

"आईच बोलतायत," संपदा म्हणाली.

कमळाबाईने फोनकडे बघतच भाव सांगितला. कीबोर्ड उघडाच होता. अनसूयाबाई बांगड्याचे कल्ले उघडून बघत राहिल्या.

"आई, लिहा ना. महाग आहेत म्हणा!"

अनसूयाबाईंनी फोन बंद करून बाजूला ठेवला. बांगडा पाटीत परत टाकला आणि कमळाबाईकडे पाहिलं.

"बरं, थोडे कमी दे."

अनसूयाबाई ढिम्म.

"आनखी परवडत न्हाय हां, बाय."

तरी ढिम्म.

"घे, तुझ्याच जुन्या भावात घे! बोलायचीस तवाच परवडायचीस!"

अनसूयाबाईंचे खांदे हसून हलायला लागले. इतक्या दिवसांनी त्यांना असं हसताना बघून संपदाला भरून आलं. त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला, तशी संपदा चौकट उघडून द्यायला पुढे झाली आणि थांबली. अनसूयाबाईंनी स्वतःच बोट टेकवलं, सावकाश लिहिलं.

"वर एक बांगडा टाक," फोन म्हणाला.