पुढचे चाळीस सेकंद

एकोणीस! तेवीस माणसं त्या फुटपाथवरून गेली आणि त्यातली एकोणीस थांबली. आकडा पक्का आहे, कारण छुप्या कॅमेऱ्याचं सगळं फुटेज कापायला माझ्याच टेबलावर आलं होतं. आमच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा धंदाच तो: कुणीतरी रस्त्यात पडायचं आणि आम्ही लोकांची माणुसकी तपासायची. पडायचं काम पडीमावशींचं. तीस वर्षं मालिकांमध्ये चक्कर येऊन पडतायत बाई, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

आमचा डायरेक्टर, ज्याला सगळे दादा म्हणतात, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "एकोणीस थांबले? वाट लागली! चांगुलपणा कोण बघतं गं? लोकांना शिव्या घालायला एक माणूस लागतो. शोध."

शोधला. दहा मिनिटांत शोधला. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा माणूस. व्हॅन कडेला लावून उतरतो, मावशींजवळ येतो, वाकून बघतो आणि वळून पळत सुटतो. पाण्याची बाटली आणायला पळाला होता तो. आत बसलेल्या सात पोरांना "कुणी उतरायचं नाही" असं दटावून चाळीस सेकंदांत परत आला. अंगातला शर्ट काढून मावशींच्या डोक्याखाली घातला आणि भर रस्त्यात बनियनवर बसून त्यांना वारा घालत राहिला. मी त्याच्या पळत्या पाठीवर कापलं. खाली रडकं व्हायोलिन लावलं, वर अक्षरं टाकली, 'माणुसकी पळाली'. दादाने शाबासकी दिली आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रविवारी ते दाखवलं. गुरुवारी तो माणूस आमच्या ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात व्हॅनची किल्ली. सोमवारीच सातही घरांनी त्याला कळवलं होतं, उद्यापासून येऊ नका.

"मॅडम, माफीबिफी नको," तो म्हणाला. "फक्त ते पुढचे चाळीस सेकंद द्या. मुलांच्या आईवडिलांना दाखवतो."

आता काय सांगू याला? कार्यक्रम दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी डिस्क पुसायची, ती पुढच्या शूटिंगला लागते, अशी आमची रीत. सोमवारी सकाळी चहाच्या आधी मीच ती पुसली होती. कसंबसं बोलले. तेवढ्यात दादा आतून ओरडला, "अरे, आठ दिवसांत विसरतात लोक!"

माझं डोकंच फिरलं. "हो का? आणि तोवर याच्या गाडीत कोण बसणार, तू?"

मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, त्याचा शर्ट माझ्याकडेच राहिलाय. धुऊन ठेवलाय बघ."

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी मावशी, तो आणि मी, आम्ही तिघं फाटकापाशी उभे राहिलो. मागे रिकामी व्हॅन. पालक जमले तसा मावशींनी शर्ट उलगडला आणि सगळं सांगितलं. एक आई हसली. "तुम्हाला बघितलंय ना टीव्हीत. पडणं काय, रडणं काय, तुमचं कामच आहे ते."

अस्सा संताप आला! माझ्या खोट्या कापाकापीवर या लोकांनी एका मिनिटात विश्वास ठेवला. आणि खरी बाई खरा शर्ट घेऊन समोर उभी आहे, तर म्हणे नाटक! कुणाबद्दल वाईट सांगा, पुरावा कोणी मागत नाही. चांगलं सांगा, की सतराशे साठ शंका. दादा याच्यावरच तर जगतो. आणि मीही.

शाळा सुटली. पुढचा दात पडलेली एक पोरगी धावत आली, शर्टाकडे बघितलं आणि त्याच आईचा हात ओढायला लागली. "हाच शर्ट! काकांनी काढला होता. मी सांगितलं होतं ना तुला, टीव्ही चालू होता तेव्हा. तू म्हणालीस, गप्प बस, ऐकू दे."

सात पोरं होती गाडीत. सातांनी काचेतून अख्खं बघितलं होतं. सात घरांतल्या एकाही मोठ्या माणसाने त्यांना विचारलं नाही.

आई गोरीमोरी झाली. मग माझ्यावर उलटली. "मग तुम्ही ते दाखवलं का नाही?"

"कापलं मी," मी म्हणाले. "हा परत आलेला मला दिसला होता. तरी कापलं."

मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तिने व्हॅनचं दार सरकवलं आणि पोरीला आत बसवलं. बाकीचे पालक आपापल्या पोरांना घेऊन पांगले. सातातली एक परत आली.

त्याने मावशींच्या हातून शर्ट घेतला आणि हळूच विचारलं, "त्या दिवशी लागलं नव्हतं ना तुम्हाला?"

पडणं खोटं होतं, हे त्याला आता माहीत होतं. तरी विचारलं. मावशींना रडू आवरेना.

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पोरीला नीट बसायला सांगितलं आणि व्हॅन सुरू केली.