अर्ध्या तासाचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम अनिश एकेक करून बंद करत होता आणि ऋता मागे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. चुकून चलनंच उडाली तर, ही तिची धास्ती.

तळवड्याच्या त्या छोट्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणाऱ्या ऋताचा हा कॉम्प्युटर सकाळी उघडायला अर्धा तास घ्यायचा. तोवर मालाचं चलन निघत नसे आणि टेम्पो फाटकाशी ताटकळत उभा. माल तपासून पास करणारा अनिश चलनावर सही करायला यायचा आणि स्क्रीनवरचं चक्र फिरत असेपर्यंत ऋतासमोरच्या स्टुलावर बसायचा. तिच्या डब्यातल्या भाजीपासून त्याच्या दापोडीतल्या घरमालकापर्यंत सगळं तेवढ्यात बोलून व्हायचं. खरं सांगायचं तर पठ्ठ्या त्या अर्ध्या तासासाठीच कामावर यायचा.

पण परवा चाकणला माल उशिरा पोचला आणि साहेबांनी ऋताला सगळ्यांदेखत झापलं. तिचे डोळे भरून आलेले अनिशला काही बघवेनात. म्हणून बुधवारी काम सुटल्यावर हा उद्योग. नको त्या फायली त्याने पुसल्या, हार्ड डिस्कवर विखुरलेली माहिती सलग लावायला डीफ्रॅग सुरू करून दिलं. गुरुवारी एमआयडीसीला आठवड्याची सुट्टी, तेवढ्यात ते आटोपणार होतं.

शुक्रवारी तो आला, तर चलन छापून तयार. साहेब खूश, ऋता तर हवेत. अनिशने सही केली आणि स्टुलाकडे पाहिलं. बसायला आता निमित्तच उरलं नव्हतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता गड्याने.

टेम्पोवाल्या भैरूने चलन घेता घेता त्याला न्याहाळलं.

“सायेब, मशीन पळाया लागलं, मग तुमचं त्वांड का उतरलंय?”

भैरू हसत निघून गेला. अनिशही दाराशी पोचला, तेवढ्यात ऋताने हाक मारली.

“घरचा कॉम्प्युटरपण फार रखडतो. येत्या गुरुवारी याल बघायला? आई-बाबा दोघंही असतात.”

“येतो की.” इतक्या घाईने म्हणाला, की त्याचा तोच ओशाळला. मग कामाचा माणूस असल्यासारखं त्याने विचारलं, “हार्ड डिस्क केवढीये?”

ऋताने समोरचे कागद उगाचच सारखे केले.

“कॉम्प्युटर नाहीये आमच्याकडे,” ती म्हणाली. “पण या.”