साखर संपायच्या आधी

बुडबुड... बुडबुड... टाकीच्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलेलं असे, आणि माझा श्वास तिथून बाहेर पडे. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा टाक्या सांभाळणारा मारोती बादलीशी उकिडवा बसून म्हणाला होता, "बोल रे बाप्पा, बोल." मी खमीर. यवतमाळबाहेरच्या एका लहानशा बियरच्या कारखान्यात तेव्हापासून बोलतोय. आज मात्र मला काही कबूल करायचं आहे.

माझं काम सोपं. मोड आलेल्या जवाच्या गोड पाण्यातली साखर खायची, तिची दारू करायची, आणि साखर संपली की एकमेकांना बिलगून, गोळे होऊन तळाशी बसायचं. वर बियर नितळ राहते. तळाचा गाळ, म्हणजे मीच, पुढच्या टाकीत जातो.

ही बिलगायची खोड आमच्या जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. कोणात ती कमी वेळा, कोणात जास्त. जास्त ओळींचे अधिक चिकट. ते आधी खाली बसतात.

दहा टाक्या झाल्या की जुनं खमीर फेकून नवं आणायचं, असा नियम होता. मारोतीला ते जमेना. "इतके दिवस राबलं बिचारं, गटारीत कसं टाकू?" आणि पुढच्या टाकीसाठी तो दर वेळी सगळ्यात आधी बसलेला थर काढी. "जे पहिले बसते ते शहाणं असते," म्हणे.

अशा तेवीस टाक्या झाल्या. त्यानं निवडले ते चिकटच निवडले. नितळ बियर पाहून तो खूश व्हायचा, मीही फुशारायचो. चोविसाव्या टाकीत साखर अर्धी बाकी असतानाच आम्ही बिलगलो आणि तळाशी जाऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी बादली गप्प झाली.

बाटल्या धुणाऱ्या हंसाबाई हसल्या, "भाऊ, तुमचं खमीर माह्या नवऱ्यावर गेलं. काम अर्धं, झोप पहिले!"

मारोती हसला नाही. त्यानं टाकी ढवळली, थोडी ऊब दिली, बादलीला कान लावून बसला. मला कळत होतं. पण एकमेकांना सोडवेना.

तपासणीच्या आभामॅडमनी घोटभर चाखली. "गोड आहे, काका. पूर्ण टाकी वाया गेली. किती वेळा वापरलं हे?"

"चोवीस."

"दहाच्या वर काहून गेले तुम्ही?"

"चूक माही हाय, बाई. खमिराची नाही."

निदान अर्धी चूक माझी होती. पण सांगायला माझ्याकडे त्या बादलीशिवाय आवाज नव्हता.

"उद्यापासून पाकिटातलं नवं खमीर येईल," मॅडम हळूच म्हणाल्या. "खमिराच्या खोलीची किल्ली द्या. तुम्ही आता बाटल्यांकडे या, काका."

मारोतीनं टाकीच्या तळाची तोटी उघडली. मी गटारीकडे वाहू लागलो, अजून एकमेकांना धरूनच.

एकदा तरी रागाव रे माझ्यावर, मारोती.

त्यानं बादलीतलं पाणी ओतलं, ती पालथी घातली, तिच्यावर किल्ली ठेवली आणि निघून गेला.