गाडीच्या खिडकीतली पोळी

पितृपक्ष लागला की पार्सिपनीपासून आयसेलिनपर्यंतच्या समस्त मराठी मंडळींना गाय आठवते. कावळ्याचं काम इथले कावळे निभावून नेतात, पण गाईसाठी आमच्याकडेच यावं लागतं. आम्ही म्हणजे मी, नीला, आणि माझा नवरा प्रल्हाद. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये दुसऱ्यांच्या चुका शोधून मी निवृत्त झाले आणि आम्ही न्यू जर्सीच्या शेतांच्या भागात घर घेतलं. दूध आटलं म्हणून कत्तलीच्या लिलावात काढलेल्या अकरा गाई सोडवून आणल्या. त्यांच्या कानांत नंबरांचे बिल्ले होते, नावं आम्ही ठेवली. पुढारीण बकुळा. ती जाईल तिकडे बाकीच्या दहा.

गोठा घरामागे, आणि कुरण व ओढा रस्त्यापलीकडे. ती जमीन भाड्याची, तिथे साधं छप्पर टाकायलाही मालकाची बंदी. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ अकरा गाई काउंटीच्या रस्त्यावरून पलीकडे न्यायच्या. एका बाजूला वळण, दुसऱ्या बाजूला चढ, आणि समोरून येणाऱ्याला दोन्हीकडून काही दिसत नाही.

शेजारच्या डेलने आम्हाला हे काम शिकवलं. त्याचा जन्म गाईंमागे गेलेला. एकाने वळणापाशी आणि एकाने चढाच्या माथ्यावर 'स्टॉप'ची पाटी घेऊन उभं राहायचं, दोघांनी हात वर केल्याशिवाय तिसऱ्याने फाटक उघडायचं नाही. आणि रस्त्यावर काही म्हणजे काही खायला द्यायचं नाही. "गाय रस्ता ओलांडते तेव्हा तिच्या डोक्यात पलीकडचं गवत सोडून दुसरं काही असता कामा नये," तो म्हणायचा.

पण सुरुवातीला गाई डांबरावर पायच ठेवीनात. मधली पिवळी रेघ पाहिली की बकुळा चारही पाय रोवून उभी. डेल म्हणाला, आठवडा दे, डांबरावर पेंढा पसर, आपोआप जाईल. माझ्या अंगात तेवढा धीर असता तर काय हवं होतं! मी गाडी पलीकडे नेऊन उभी केली आणि खिडकीतून गूळपोळी पुढे धरली. दोन दिवसांत बकुळा रस्ता ओलांडायला लागली. मी स्वतःवर बेहद्द खूश. डेलने फक्त मान हलवली.

"तू तिला रस्ता नाही शिकवलास, नीला. गाडी शिकवलीस."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईला स्वतःची चूक चार फुटांवर दिसली नाही.

पुढे पाहुणे वाढले. कुंपणाशी गाडी लावायची, काच खाली करायची, पोळी नाहीतर केळं पुढे करायचं, फोटो काढायचा. मी मराठीत आणि इंग्रजीत पाटी लावली, 'गाडीतून खायला देऊ नये'. पालथ्या घड्यावर पाणी. लोक त्या पाटीखालीच गाडी उभी करायचे.

जुलैत बकुळा भर रस्त्यात थांबली आणि पोस्टाच्या गाडीच्या खिडकीत तोंड घालून बसली. टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस आली. पुन्हा गाय रस्त्यावर थांबली तर क्रॉसिंग बंद. क्रॉसिंग बंद म्हणजे कुरण बंद, आणि कुरण बंद म्हणजे परत तोच लिलाव. मी कानाला खडा लावला आणि पाहुण्यांनाच बंदी केली.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी आम्ही काहीही चुकलो नाही. प्रल्हाद वळणावर, डेल माथ्यावर, मी फाटकाशी. दोन्ही हात वर झाले, मी फाटक उघडलं. तेवढ्यात माथ्यावर एक निळी मिनीव्हॅन आली आणि डेलच्या पाटीपुढे अगदी नियमाने थांबली. काच खाली आली.

बकुळा रस्त्याच्या मधोमध वळली. मी हाका मारल्या, पुढे जाऊन हात आडवे केले. ती मला वळसा घालून चढ चढायला लागली, आणि मागून दहाजणी. डेलने पाटी टाकून तिला रेटून पाहिलं. पण सत्तरीतला माणूस अकरा गाईंना किती अडवणार? बघता बघता त्यांनी मिनीव्हॅनला वेढा घातला, चार-पाच तर गाडीच्या मागे माथ्यापलीकडे उतरल्या.

गाडीत आमच्याकडे नेहमी येणारा निमिष होता, त्याच्या मांडीवर पोळ्यांचा डबा, शेजारी त्याची लहानगी ज्ञानदा. "बाबा, लुक, शी लाइक्स मी!" ती टाळ्या पिटत होती.

माथ्याच्या त्या बाजूला खालून ट्रक आला. ड्रायव्हरला गाई दिसल्या, त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक खड्ड्यात उलटला. गाईंना ओरखडासुद्धा आला नाही. तो माणूस वाचला, पण पुन्हा कधी चालेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी रोज त्याच्यासाठी देवापुढे बसते, आणि मला देवाकडे बघवत नाही.

"सॉरी काकू," निमिष रडकुंडीला आला होता. "बाबांचं पहिलं श्राद्ध आहे आज. गाईला पोळी देऊ का, एवढंच विचारायला काच खाली केली, प्रॉमिस. ती स्वतःहून आली."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो खरंच बोलत होता.

आठ दिवसांत क्रॉसिंग बंद झालं. एखादी तरी गाय घ्याल का, म्हणून फोटो काढून गेलेल्या एकेकाला मी फोन केले. "आमच्या सोसायटीचे, एचओएचे, नियम आहेत ना काकू, नाहीतर नक्की घेतली असती." "यार, तुम्ही आधी सांगायला हवं होतं." गाई सांभाळणाऱ्या सगळ्या संस्था भरलेल्या. डेलने दोन वर्षांपूर्वीच आपला गोठा मोडला होता. कुरण गेल्यावर नियमाने आमच्या एका एकरावर एकही गाय ठेवता येईना, आणि मुदत महिनाअखेरपर्यंतची.

शेवटच्या दिवशी लिलावाचा ट्रेलर आला. प्रल्हाद घरातून बाहेर आला नाही. ट्रेलरच्या लोखंडी फळीपाशी बकुळा पोचली आणि तिने चारही पाय रोवले, पहिल्या दिवशी रोवले होते तसेच. ट्रेलरवाल्याने विजेची काठी काढली. तिचा चटका बसताच बकुळा ओरडली, आणि तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

"थांब," मी म्हणाले.

डेल माझ्याकडे बघत होता. मी काय करणार ते त्याला कळलं होतं. तो टोपी काढून बाजूला झाला.

मी आत जाऊन कणीक भिजवली. गूळ किसला. तास गेला, ट्रेलरवाला कुरकुरत राहिला. मग मी पोळ्या घेऊन त्याच्या ट्रेलरमध्ये शिरले, पार आतल्या टोकाला उभी राहिले, आणि हात पुढे केला.

बकुळाने कान टवकारले आणि सरळ चढून आली. तिच्यामागे बाकीच्या दहाजणी, एकीनेही त्रास दिला नाही.

मी अकरा पोळ्या केल्या होत्या. एकही उरली नाही.